ईजीआरची पत्ती आणि पानावरचे डाग: एका व्हॉल्व्हचा इतिहास



मिरचीचा हंगाम लागला की या पेजवर पिकापेक्षा गाड्यांचे प्रश्न जास्त येतात. सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हे: "भाऊ, जुनी बीएस-४ गाडी घेतली. पिकअप मरतो, काळा धूर मारते, इंजिनाची लाईट लागलेली आहे. गॅरेजवाला म्हणतो ईजीआर गेलाय, पत्ती मारून कायमचा बंद करून टाकू. करू का?"

एका शब्दात उत्तर म्हणजे नका करू. पण नुसतं नका करू म्हटल्यावर कोण ऐकतं? पत्ती मारली की गाडी दोन दिवस छान पळते, धूर कमी दिसतो, खर्चही वाचतो. म्हणून आज पिकाऐवजी या व्हॉल्व्हचा इतिहास लिहितो. हा व्हॉल्व्ह कंपनीने हौस म्हणून बसवलेला नाही. त्याची गोष्ट सुरू होते ती शेतकऱ्याच्या भाजीच्या पानापासून. म्हणून ती आपल्या पेजवर लिहायला काही हरकत नाही.

सुरुवात पालकाच्या पानावरून

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात लॉस एंजेलिस शहर आहे. एका अंगाला समुद्र, बाकी अंगांना डोंगर, त्यामुळे हवा कोंडून राहते. जुलै १९४३ मध्ये एक दिवस तिथं असा धुरकटा दाटला की लोकांचे डोळे चुरचुरले, घसे धरले. दुसरं महायुद्ध चालू होतं, म्हणून काहींना वाटलं जपानने विषारी वायू सोडला. पण तो धुरकटा पुढेही पुन्हा पुन्हा यायला लागला.

१९४४ च्या सुमारास शहराच्या आसपासच्या भाजीपाला शेतकऱ्यांना पालेभाजीवर वेगळंच काही दिसायला लागलं. पानाची खालची बाजू चांदीसारखी चकाकायची, मग तांबूस पडायची. कीड नाही, बुरशी नाही, पाण्याचा ताण नाही. पण माल बाजारात न्यायच्या लायकीचा राहायचा नाही. रिव्हरसाइडच्या लिंबूवर्गीय फळांच्या संशोधन केंद्रातले वनस्पतिरोगतज्ज्ञ जॉन मिडलटन यांनी हे तपासलं आणि सांगितलं की रोग पिकात नाही, हवेत आहे.

हवेत नेमकं काय आहे ते शोधलं आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने. हा माणूस मूळचा नेदरलँडचा. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत वनस्पतींच्या रसायनांवर काम करायचा. अननसाला वास कशाने येतो, हा त्याचा अभ्यास. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पालक, बीट, लसूणघास, ओट अशी झाडं बंद जागेत ठेवली आणि आत पेट्रोलची वाफ आणि ओझोन सोडला. शेतात दिसत होते तसेच डाग पानांवर उठले. १९५२ च्या सुमारास त्याने सगळं गणित मांडलं. गाडीच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड, न जळलेल्या इंधनाची वाफ आणि वरून ऊन, या तिघांतून जमिनीलगत ओझोन तयार होतो. तेल कंपन्यांना आणि गाड्यांच्या कंपन्यांना ते आधी पटलं नाही, पुढे मान्य करावं लागलं.

इथं एक गैरसमज काढतो. वर आभाळात जो ओझोनचा थर आहे तो आपलं रक्षण करतो. पण तोच ओझोन खाली पिकाच्या उंचीवर आला की पानाच्या छिद्रातून आत शिरतो आणि पेशी जाळतो. वर असला तर चांगला, खाली आला तर वाईट.

मग व्हॉल्व्ह कशाला आला?

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. आपण युरियाच्या गोणीत जो नत्र विकत घेतो तोच हा, पण हवेतला नत्र सहसा कशाशीच जुळत नाही. आभाळात वीज कडाडली की तेवढ्या उष्णतेने तो ऑक्सिजनशी जुळतो आणि पावसाबरोबर थोडा नत्र शेतात येतो, हे आपल्या कृषी सहायकांनीही सांगितलेलं असेल. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये तेच होतं. जळणाची उष्णता दीड हजार अंशांच्या पुढे गेली की नायट्रोजनचे ऑक्साइड भराभर तयार होतात.

म्हणून उपाय एकच होता, जाळ थोडा थंड करा. चुलीतला जाळ फार झाला की बाई त्यावर थोडी राख लोटते, तसं. सायलेन्सरकडे चाललेला जळालेला वायू थोडा मागे फिरवायचा आणि नव्या हवेत मिसळून पुन्हा सिलिंडरमध्ये सोडायचा. त्या वायूत ऑक्सिजन कमी असतो, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ जास्त. तो स्वतः जळत नाही, उलट उष्णता शोषतो. किती वायू कधी सोडायचा हे ठरवणारं दार म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह.

१९७० साली अमेरिकेने हवेचा कडक कायदा केला आणि १९७३ च्या आसपास तिथल्या पेट्रोल कारमध्ये हा व्हॉल्व्ह सर्रास बसायला लागला. तेव्हाही लोकांनी आपल्यासारखंच केलं. नळी काढून ठेव, तोंडात गोळी ठोक, असले उद्योग तिकडेही झाले.

डिझेल ट्रकला तो उशिरा आला, आणि त्यामागे एक लबाडी आहे. १९९८ मध्ये अमेरिकेच्या सरकारने डिझेल इंजिन बनवणाऱ्या सात कंपन्यांना पकडलं. त्यांची इंजिनं तपासणीत स्वच्छ दिसायची, पण हायवेला लागली की आतला कॉम्प्युटर डिझेल वाचवायला वेगळं टायमिंग लावायचा आणि नायट्रोजनचे ऑक्साइड वाढायचे. त्या तडजोडीत कंपन्यांना २००४ चे नियम ऑक्टोबर २००२ पासूनच पाळावे लागले. त्यामुळे तिथल्या बहुतेक ट्रकवर कूलर लावलेला ईजीआर आला. म्हणजे वायू मागे फिरवायचा, पण आधी इंजिनाच्या कूलंटने गार करायचा.

आपल्याकडे कसा आला

आपल्या देशात डिझेल गाड्यांच्या धुराला पहिली मर्यादा १९९२ ला लागली. २००० साली भारत स्टेजची पहिली पायरी आली. पुढचा सगळा आराखडा ज्या समितीने दिला तिचे अध्यक्ष डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत गरिबीत शिकलेले आपले मराठी शास्त्रज्ञ. त्यांच्या समितीचा अहवाल २००२ ला आला. गाडी आणि डिझेल दोन्ही बरोबरच सुधारायला पाहिजेत, नुसती गाडी सुधारून चालणार नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा. तो आपण लक्षात ठेवायचा, कारण पुढची गडबड तिथंच आहे.

आकडे बघा. मोठ्या डिझेल इंजिनाने एक युनिट काम केलं (आपल्या मोटारीच्या मीटरवरचं युनिट तेच) तर नायट्रोजनचे ऑक्साइड किती सोडायचे? बीएस-१ ला ८ ग्रॅम. बीएस-२ ला ७. बीएस-३ ला ५. बीएस-४ ला ३.५. आणि बीएस-६ ला अर्ध्या ग्रॅमच्याही खाली. आठापासून पाचापर्यंत पंप, टर्बो, टायमिंग यांनी काम भागत होतं. काही इंजिनांना बीएस-३ लाच ईजीआर लागला, आणि बीएस-४ ला तर निर्मात्यांसमोर दोनच रस्ते उरले: ईजीआर, नाहीतर सायलेन्सरमध्ये युरियाचं पाणी मारणारी एससीआर पद्धत. (ते पाणी ३२.५ टक्के शुद्ध युरियाचं असतं. आपल्या गोणीतला युरिया कालवून टाकू नका, सगळी सिस्टीम बसते.)

आता डिझेल बघा. बीएस-३ डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भाग गंधक, बीएस-४ मध्ये ५०, बीएस-६ मध्ये १०. पण बीएस-४ डिझेल देशभर एकदम आलं नाही. १ एप्रिल २०१० ला ते तेरा शहरांत आलं. महाराष्ट्रातली त्यातली शहरं म्हणजे मुंबई, पुणे आणि सोलापूर. बाकी राज्याला बीएस-३. सगळ्या देशाला बीएस-४ मिळायला १ एप्रिल २०१७ उजाडला.

म्हणजे मधल्या काळात कोणी पुण्यात बीएस-४ गाडी घेतली आणि राजूर, भोकरदनकडे आणून पळवली, तर गाडी ५० गंधकाच्या हिशोबाने बनलेली आणि पोटात ३५० चं डिझेल. गंधक जळून पाण्याच्या वाफेला भेटला की आम्ल होतं. ते ईजीआर कूलरच्या पातळ नळ्या आतून खातं. आज जुन्या बाजारात मिळणाऱ्या त्या काळातल्या गाड्यांचा कूलर गळका निघाला तर नवल वाटायला नको.

दुसरी गर्दी झाली ती मार्च २०१७ ला. २९ मार्चला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १ एप्रिलपासून बीएस-३ गाडी विकायची नाही. कंपन्या आणि डीलरांकडे तेव्हा सव्वाआठ लाखांच्या आसपास बीएस-३ गाड्या पडून होत्या, त्यात जवळपास ९६ हजार मालवाहू. दोन-तीन दिवस सवलतीत विक्रीची झुंबड उडाली. त्यातल्या कितीतरी गाड्या अजून खेड्यापाड्यांत माल ओढतात. आणि सरकारने बीएस-५ सोडून सरळ बीएस-६ आणला, १ एप्रिल २०२० ला. त्यामुळे बीएस-४ जेमतेम तीन वर्षं देशभर विकला गेला. मिस्तरी लोकांना तो नीट शिकायला वेळच मिळाला नाही. तालुक्याच्या गॅरेजात स्कॅनर यायच्या आधी पत्ती आली.

तो आपल्याकडेच जास्त का बिघडतो

ईजीआरचा एक दोष जन्मापासून आहे. जाळ थंड केला की नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात, पण काजळी वाढते. ती काजळी मागे फिरून येते आणि इंजिनाच्या श्वासातून येणाऱ्या तेलाच्या वाफेला भेटते. दोन्ही मिळून डांबरासारखा चिकट थर बनतो, आणि व्हॉल्व्ह त्यात अडकतो.

गाडी हायवेवर गरम पळत राहिली तर हा थर हळू बसतो. पण आपलं काम कसं असतं? शेतातून आडतीपर्यंत, आडतीत दोन तास इंजिन चालू, मग परत. इंजिन पुरतं गरमच होत नाही. वर धुळीने भरलेला एअर फिल्टर, कुठंतरी रॉकेल मारलेलं डिझेल, थुंकणारा इंजेक्टर. काजळी दुपटीने बसते. म्हणून ईजीआर बिघडला म्हणजे ईजीआर वाईट, असं नसतं. बहुतेक वेळा तो दुसऱ्याच्या चुकीचा कचरा गोळा करून थकलेला असतो.

पत्ती मारल्यावर काय होतं

व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर काळा धूर आणि दम नसणं ही लक्षणं पत्तीने लगेच जातात. त्यामुळे लोकांना वाटतं गाडी सुधारली. धूर कमी दिसतो हे खरंच आहे. पण नायट्रोजनचे ऑक्साइड काजळीसारखे काळे दिसत नाहीत. ते वाढले तरी कळत नाही.

पीयूसीतही कळत नाही. डिझेल गाडीच्या पीयूसीत ॲक्सिलेटर दाबून फक्त धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत. म्हणून पत्ती मारलेली गाडी पास होते, आणि ईजीआर उघडा अडकलेली गाडी नापास. या एका त्रुटीमुळे पत्तीचा धंदा चालतो. मोठ्या कंपन्यांनीही अशीच पळवाट धरली होती. २०१५ ला फोक्सवॅगन अमेरिकेत पकडली गेली. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय संस्थेने तपासणी केली आणि कंपनीने भारतात ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचं जाहीर केलं. ती सॉफ्टवेअरची पत्ती होती, आपली लोखंडाची, एवढाच फरक.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, प्रदूषणाचा नियम मोडून गाडी चालवली तर दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि लायसन्सही तीन महिने जातं.

जे पत्ती मारतात ते सगळे लबाड आहेत असं मी म्हणत नाही. पिंपळगाव रेणुकाईच्या मार्केटात मिरची भरून गाडी उभी आहे, रात्रीत माल पोचला नाही तर भाव जातो, आणि नवा व्हॉल्व्ह-कूलर म्हणजे एका एकराचा खर्च. त्या वेळी माणूस हजार रुपयांचा रस्ता धरतो. म्हणूनच हंगामाआधी काय बघायचं ते खाली देतो.

काय बघायचं

१. आधी कूलंट. गाडी थंड असताना पातळी बघा, खूण करा, चार दिवसांनी परत बघा. बाहेर कुठं गळत नाही आणि तरी कमी होतं, सकाळी पांढरा धूर गोडसर वासाचा येतो, तर ईजीआर कूलर फुटल्याची शंका धरा. अशी गाडी पळवू नका. सिलिंडरमध्ये पाणी भरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च दहापट होतो.

२. व्हॅक्यूमवर चालणारा जुना व्हॉल्व्ह असेल तर रबरी नळ्या हाताने चाचपून बघा. उष्णतेने तडकतात. कित्येकदा शंभर रुपयांच्या नळीचा दोष व्हॉल्व्हच्या डोक्यावर जातो.

३. स्कॅनर लावला तर कोड आधी लिहून घ्या, मग पुसू द्या. पी ०४०१ म्हणजे वायू कमी येतोय, रस्ता तुंबलाय किंवा व्हॉल्व्ह बंद अडकलाय. पी ०४०२ म्हणजे वायू जास्त येतोय, व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. दोन्हीचा इलाज वेगळा.

४. साफ करायचा तर इंजिन पूर्ण गार झाल्यावर, बॅटरीची तार काढून. व्हॉल्व्ह खोलून बाहेर घ्या, कार्बन क्लीनरने भिजवा, मऊ ब्रशने घासा. मोटार आणि सॉकेटवर फवारा नको. खरवडलेली काजळी मॅनिफोल्डमध्ये पडू देऊ नका. गॅस्केट नवीनच टाका.

५. साफ केल्यावर काजळी कुठून आली ते शोधा. एअर फिल्टर, इंजेक्टर, टर्बोतून येणारं तेल, इंटरकूलरचा फाटका पाइप. ते तसंच ठेवलं तर काही महिन्यांत व्हॉल्व्ह पुन्हा अडकतो.

६. जुनी गाडी घेताना ईजीआरच्या पाइपाचा जोड बॅटरी लावून बघा. दोन फ्लँजमध्ये पातळ पत्र्याची कड दिसली, बोल्ट ताजे खोललेले दिसले, तर पत्ती आहे. सॉफ्टवेअर बदललंय का तेही विचारा. किमतीत ते धरा.

गाडी दिल्लीला मोसंबी घेऊन जाणार असेल तर आणखी एक गोष्ट. १ नोव्हेंबर २०२५ पासून बाहेरची बीएस-३ आणि त्याखालची मालवाहू गाडी दिल्लीत जाऊ शकत नाही. बीएस-४ ला ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मुभा दिलेली आहे. जुन्या गाडीवर पैसा घालण्याआधी हा हिशोब करा. आणि हे ट्रकपुरतं राहिलेलं नाही. ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ नियम लागले, म्हणजे ईजीआर आता नांगराच्या पुढेही आला.

पुन्हा पानाकडे

आपलं खेडं उघड्या रानात आहे, इथं कुठलं लॉस एंजेलिस, असं कोणी म्हणेल. पण ओझोन शहराच्या चौकात कमी आणि वाऱ्याच्या दिशेने बाहेर रानात जास्त तयार होतो, कारण त्याला ऊन आणि वेळ लागतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१४ ला एक हिशोब मांडला. २००५ च्या धुराच्या आकड्यांवरून, ओझोनमुळे देशात वर्षाला गव्हाचं ३५ लाख टन आणि भाताचं २१ लाख टन नुकसान होतं असा त्यांचा अंदाज. एवढ्या धान्यात सव्वानऊ कोटींहून जास्त गरीब माणसांचं पोट भरतं. हा सगळा ओझोन ट्रकमुळेच होतो असं नाही. कोळशाची वीज केंद्रं, कारखाने, जाळलेला काडीकचराही त्यात आहे. पण ट्रकचा वाटा आहेच.

आणि म्हणून उद्या कपाशी लाल पडली की ओझोन म्हणू नका. लाल्या बहुतेक वेळा मॅग्नेशियम, नत्र आणि थंड रात्रींचा असतो. ओझोनचे डाग जुन्या पानांच्या वरच्या बाजूला, शिरांच्या मधे, बारीक तपकिरी ठिपक्यांसारखे असतात. कृषी विज्ञान केंद्रातल्या मंडळींनी गहू-सोयाबीनवर असं कधी नोंदवलं असेल तर इथं जरूर लिहावं.

ऐंशी वर्षांपूर्वी भाजीवाल्या शेतकऱ्यांनी पानावरचा डाग दाखवून विचारलं होतं की हे काय आहे. त्या प्रश्नाचं उत्तर फिरत फिरत आपल्या ट्रकच्या मॅनिफोल्डवर येऊन बसलं आहे. त्यावर पत्ती ठोकली तर तो डाग पुन्हा आपल्याच पिकावर येणार. साफ करा, दुरुस्त करा, नाहीच परवडलं तर गाडी बदलायचा हिशोब करा.

तुमच्या गाडीचा मॉडेल, साल आणि स्कॅनरचा कोड कमेंटमध्ये टाका. ज्यांच्याकडे चांगला मिस्तरी आहे त्यांनी उत्तर द्यावं.